बत्ताशीचं पाणी

राजूर,
रविवार, दुपार

प्रिय तृप्ती,
(राग अजून असंल तर नुसतीच तृप्ती, माझं काही म्हणणं न्हाई.)

तू फोन उचलत न्हाईस म्हणून कागद घेतला. मोबाईलवर मी लिहिलेलं तू वाचतीस, ते मला दिसतं. टिक निळी होती आणि पुढं सगळी सामसूम. तुझी आई म्हणती, पोरगी कामात आहे, पुण्याच्या कंपनीत मान वर करायला सवड न्हाई. उषावहिनीला मी काही बोलले न्हाई. पण मनात म्हणलं, जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत होती तवा काय बसून पगार घेत होती का? तरी दर रविवारी स्कूटी घेऊन राजूरला हजर. चतुर्थीची गर्दी असली तरी गणपतीच्या मागच्या गल्लीतून वाट काढून यायचीस, आणि मला राम राम घालायच्या आधी घोडीच्या गळ्यात पडायचीस. आत्या गेली खड्ड्यात! तर तुझा पत्ता वहिनीकडून मागून घेतला आहे. पत्र फाडायचं असंल तर बिलकुल फाड, पण वाचून फाड. माझं अक्षर लावायला तुला तसाबी वेळ लागंल.

आधी तुला जे विचारायचं आहे आणि विचारायची हिंमत होत न्हाई, ते सांगून टाकते. बत्ताशी बरी आहे. बरी काय, माजली आहे! परवा दावं सोडवून घेऊन शेजारच्या पुंजारामभाऊच्या वाफ्यातली मेथी साफ केली, आणि मी धावत गेले तर माझ्याकडं असं पाहून राह्यली की जशी मीच चोर. डॉक्टर शीतल मॅडम दोनदा येऊन गेल्या. रक्त तपासलं, मूत्रपिंडाला काही इजा न्हाई म्हणाल्या. नाल काढून टाकले आहेत, उघड्या खुरानं शेतातल्या मऊ मातीत हिंडती. पोटाकडची पांढरी कातडी उन्हानं लाल व्हायची ना, तिथं मी खोबरेल लावते. अंग भरलं आहे. तू पाहशील तर म्हणशील, आत्या, तुझ्यासारखीच झाली.

त्या दिवसाचं मी आजवर कुणाजवळ बोलले न्हाई. तुझ्याजवळच बोलायचं होतं, आणि तूच पळून गेलीस. मला तर तो खेळच लई आवडला होता. तू पहिल्यांदा सांगितलं तवा मी हसले होते, की ही कसली शर्यत बाई, साठ किलोमीटर जायचं, वीस-वीसच्या तीन फेऱ्या, आणि दर फेरीला डॉक्टर मधी आडवी! ठोके खाली उतरले, घोडं लंगडत नसंल, आतडी बराबर वाजत असतील तरच पुढं जा म्हणणार. तू म्हणालीस, आत्या, या खेळात घोडं ठणठणीत ठेवल्याशिवाय जिंकताच येत न्हाई. ते ऐकून मला वाटलं, चला, जगात एक तरी शर्यत अशी आहे जिथं जनावराला कुणी विचारतं. आणि तुझे कचरू मामा, म्हणजे आमचे हे! आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात घोडी मिरवली या माणसानं, पण त्या दिवशी जाफराबादकडच्या त्या माळावर स्वतःच नवरदेवाच्या बापासारखे हिंडून राह्यले होते. लोक चिडवायचे, की कचरूभाऊ, वरात कुणीकडं? हे म्हणायचे, आज घोडीचीच वरात आहे. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, बाया वेचणी सोडून बांधावर येऊन तुला पाहत होत्या. लग्नाच्या घोडीवर नवरदेव न्हाई, पोरगी! माझी छाती इतकी फुगली होती की ब्लाऊजच्या हुकाची काळजी वाटली.

पहिली फेरी करून तू आलीस तवा मीच पाण्याचा टोप पुढं केला होता, आठव. पोटाखालचा तंग सैल केला, खोगीर काही काढलं न्हाई, कारण पुन्हा कसण्यात वेळ जातो आणि तिथं तसा नियमबी न्हवता. बत्ताशीनं टोपात तोंड घातलं आणि वर काढलं, ओठावरून पाणी गळून राह्यलं होतं. शीतल मॅडमनी विचारलं, पाणी प्यायली का? तू म्हणालीस हो, वाटेतल्या हौदावरबी प्यायली. मी बाजूला उभी होते, मीबी मुंडी हलवली. कुणाला काय शंका येणार? ठोके उतरले, चाल चांगली, सोडलं तुला. दुसऱ्या फेरीला ऊन चढलं. तू परत आलीस तवा मी आधी घोडीचे कान पाह्यले. ते एकमेकाला टोचणारे कान दोन्हीकडं लोंबून गेल्ते. मॅडमनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राह्यली, खाली बसंचना. ठोके उतरायचं नाव न्हाई. त्या म्हणाल्या, अंगातलं पाणी आटलं आहे, बस, आता पुढं न्हाई. तू एका शब्दानं वाद घातला न्हाईस, तेवढ्यात खोगीरबी उतरवलंस. पण तिला सावलीला नेता नेता तिचे पाय गेले आणि ती बाभळीखाली बसली, ती आडवीच झाली.

सलाईन लावून राह्यले होते आणि तू तिचं डोकं मांडीवर घेऊन एकच गोष्ट घोकत होतीस, की मी खोटं बोलले, मी डॉक्टरला खोटं सांगितलं, ती प्यायलीच नसंल. मॅडम म्हणाल्या, आता हे नको, आता तिच्याकडं पाहू. घोडी उठली, पायावर उभी राह्यली, मामांनी तिला मिठी मारली, आणि मागं वळून पाहतो तर तू न्हाई. हेल्मेट तेवढं बाभळीच्या बुंध्याशी ठेवलेलं. ज्या बसनं लोक बाजार करून घरी चालले होते, त्याच बसनं तू गेलीस. मंग तुझा तो मेसेज, की आत्या, आता मी घोड्याच्या पाठीवर बसणार न्हाई आणि राजूरला तोंड दाखवणार न्हाई. वर पुन्हा कुणी तरी घोडी पडल्याचा व्हिडिओ फिरवला. त्याच्याखाली ज्यांनी जन्मात शेळी पाळली न्हाई त्यांनी अक्कल पाजळली. एक म्हणे, पोरीला हौस आणि जनावराचा जीव जातो. मी त्याला असं काही लिहिणार होते की त्याच्या सात पिढ्यांनी वाचलं असतं, पण मामांनी मोबाईल काढून घेतला. तुझा बाप, माझा भाऊच तो, पण डोकं कुठं ठेवून येतो कोण जाणे, म्हणाला, ताई, घोडी विकून टाका, पोरीच्या डोळ्यांपुढून जाऊ द्या. मी म्हणलं, आदिनाथ, पोरगी डोळ्यांपुढून गेली तेवढं बस झालं.

तवापासून मला एक खूळ लागलं. घोडी जाईल तिथं मी बादली घेऊन मागं. गावात हसतात, की बघा, दैवशालाबाई घोडीची सासू झाली. हसू दे. तर झालं असं, की पुंजारामभाऊच्या शालूचं लग्न निघालं. त्यांचं म्हणणं, घोडीवर कुणी बसणार न्हाई, नाचवायची न्हाई, नुसती मांडवाच्या दारात उभी करा, आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांना बत्ताशी होती. शीतल मॅडमला विचारलं, त्या म्हणाल्या चार पावलं चालली तर उलट बरं. मंग मामांनी साज काढला. मखमली झूल, गोंडे, गळ्यातल्या कवड्या, डोक्यावरचा तुरा, सगळं. बत्ताशी अशी ताठ झाली, जशी नवी साडी नेसलेली बाई. मांडवाच्या दारात ऊन होतं, मी आपली बादली घेऊन गेले. तिनं पाण्याकडं पाह्यलं. नाकपुड्या हलल्या. तोंड पाण्याला लावलं, ओठ ओला केला आणि मान फिरवली. मी म्हणलं पाण्याला वास येत असंल. दुसरं आणलं. त्यात गुळाचा खडा टाकला. आगं, गुळासाठी ही घोडी माझा पदर चावती! पण न्हाई. ओठ ओला आणि मान बाजूला. घरी आणली, अंगावरचा साज उतरवला, झूल अजून माझ्या हातातच होती, आणि तिनं हौदात तोंड घातलं ते काढंचना. घशातून एक एक घोट उतरताना मला दिसून राह्यला होता. तृप्ती, बाभळीखालची ती दुपार माझ्या डोळ्यांपुढं उभी राह्यली, मी पुढं केलेला पाण्याचा टोप, तिचे ओले ओठ, आणि माझी हललेली मुंडी.

मी मामांना सांगितलं. तुला वाटंल ते म्हणाले असतील, असं काही नसतं. पण ते ओट्यावर बसले. मंग हळूहळू एक एक शब्द बोलले. त्यांच्या धंद्यात घोडीला पहिलं शिक्षण नाचायचं नसतं, पाण्याचं असतं. अंगावर साज चढला की पाणी न्हाई. का, तर वरातीत घोडीनं मांडवासमोर मुतलं की वऱ्हाड खिदळतं, नवरदेवाची फजिती होती, आणि घोडीवाल्याला लोक पुन्हा बोलवत न्हाईत. म्हणून पोरवयातच घोडीवर झूल टाकायची, पुढं पाणी ठेवायचं, आणि तिनं तोंड खाली नेलं की नाकाडावर छडीची टिचकी. फार मोठी न्हाई. पण रोज. जनावर शहाणं असतं, थोड्याच दिवसांत समजून जातं. मामांच्या उस्तादानं त्यांना असंच शिकवलं, यांनी बत्ताशीला तसंच शिकवलं, आणि या मुलुखातल्या झाडून सगळ्या घोडीवाल्यांना त्यात काही वावगं वाटलं न्हाई. वरात संपली की साज काढून घोडी पोटभर प्यायची, कुणाच्या मनात येणार? तू सराव करून यायचीस तवाबी मामांची रीत तीच, आधी खोगीर खाली, मंग पाणी. म्हणून घरी ती रोज प्यायची आणि आपल्याला वाटायचं, घोडीला पाण्याचा काही त्रास न्हाई. तिच्या लेखी तुझं खोगीर म्हणजेबी साजच होता गं. माळावर तिच्यापुढं पाणीच पाणी होतं, आणि ती बिचारी शहाण्यासारखी वागून राह्यली होती. हे सांगताना मामा रडले. लग्न झाल्यापासून मी या माणसाला रडताना पाह्यलं नव्हतं, अगदी त्यांची आई गेली तवाबी न्हाई.

आता तुला वाटंल, आत्या मला समजावण्यासाठी सगळं मामांच्या गळ्यात घालती. तसं न्हाई. तू दुसऱ्या फेरीला घोडी जरा जास्तच काढलीस, पुढचा घोडा दिसला आणि तुला राहवलं न्हाई, हे बांधावरच्या बायांनीबी पाह्यलं. ते तुझं आहे, ते तुझ्याजवळ ठेव, पुढं कामी येईल. पण खोटं तू बोलली न्हाईस. जे डोळ्यांना दिसलं ते तू सांगितलंस. मी शीतल मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मीसुद्धा ओले ओठ पाहून विश्वास ठेवला, इथून पुढं मी प्रत्येक तपासणीला खोगीर उतरवायला सांगणार आणि घोट मोजणार. त्या तुझी चौकशी करत होत्या. म्हणाल्या, त्या मुलीनं मी थांब म्हणल्याबरोबर खोगीर काढलं, असे स्वार मला कमी भेटतात. हे मी माझ्या मनचं लिहीत न्हाई, घोडीची शपथ.

आणि मामांचं म्हणशील तर त्यांनी वरातीचं काम बंद केलं आहे. मी म्हणलं, आहो, नुसती उभी करायला काय हरकत आहे, तर म्हणाले, जोवर ती साज घालून पाणी पित न्हाई तोवर तिच्या अंगावर साज न्हाई. शेतातलं काम आटोपलं की त्यांचं हेच चालू असतं. आधी पाठीवर नुसतं एक धुवट फडकं टाकलं आणि बादली ठेवली. पहिल्या दिवशी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी परत. मंग लक्षात आलं, की यांचा हात जरा वर गेला की ती डोळे मिटून नाक मागं घेती. इतकी वर्षं झाली, छडी कधीच मोडून गेली, पण तिच्या नाकाला आठवण आहे. तवापासून मामा दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहतात, शाळेत गुरुजींनी उभं केलेल्या पोरासारखे. माशी बसली तरी हात काढत न्हाईत. फडक्यावर प्यायला लागली, मंग घोंगडीवर. मंग खोगीर, तंग न कसता. तिथं गाडी पुन्हा अडली. मी म्हणलं, सोडा हो आता, तिचं तिला जगू द्या. ते म्हणाले, मी शिकवलं आहे, मीच विसरवणार. आणि परवा, तृप्ती, तंग कसलेला, लगाम चढवलेला, आणि बत्ताशीनं बादलीत तोंड घातलं. मी मोरीत भांडी घासून राह्यले होते, मामांनी हाक मारली न्हाई, हालले न्हाई, नुसतं माझ्याकडं पाह्यलं. मी राखेच्या हातानंच आले. घोट उतरून राह्यले होते. पूर्ण बादली! आणि मंग तिनं मामांच्या पायाजवळ भलं मोठं मुतलं, आणि हे हसायला लागले, आणि मीबी. दोन म्हातारी माणसं घोडीच्या मुतात उभी राहून हसून राह्यली होती, पुंजारामभाऊ भिंतीवरून पाहून गेले.

पण एक अडलं आहे. पाठीवर माणूस बसलं की ती अजून पीत न्हाई. मामा बसून पाहतात, तर ती दगडासारखी होती. ज्यानं शिकवलं त्याचंच वजन, ते ती कसं विसरंल? त्यात त्यांचा गुडघा, चढताना ते कण्हतात, उतरताना मी कण्हते. माझं तर बोलूच नको, मी चढले तर सलाईन परत आणावी लागंल. पाठीवर असं कुणी पाहिजे ज्याच्या हातात तिनं कधी छडी पाह्यली न्हाई, आणि तसं माणूस या जगात एकच आहे. मामा हे तोंडानं म्हणणार न्हाईत, मेले तरी. त्यांना वाटतं, तुझ्या हातून जे झालं ते त्यांच्यामुळं झालं, आता कोणत्या तोंडानं बोलवायचं? पण दर रविवारी, तुझी स्कूटी यायची त्या टायमाला, ते घोडीवर खोगीर कसतात, तुझं हेल्मेट फडक्यानं पुसून खुंटीवर टांगतात आणि फाटकाकडं तोंड करून उभे राहतात. आत्ताबी उभे आहेत, मी खिडकीतून पाहून लिहून राह्यले आहे. म्हणून हे पत्र, पोरी. शर्यतीसाठी न्हाई, सरावासाठी न्हाई, कुणाला काही दाखवायसाठी तर मुळीच न्हाई. उन्हाळा तापायच्या आत एका रविवारी ये. तू फक्त वर बस. बादली मी धरीन, मामा हात पाठीमागं बांधून उभे राहतील. त्या दिवशी प्यायली तर प्यायली, न्हाई प्यायली तर पुढच्या रविवारी परत बस. तू पाठीवर असताना तिनं पाणी पिलेलं मला एकदा पाहायचं आहे.

आजची भांडी घासून लिहायला बसले, हात अजून राखेचाच आहे, डाग पडला तर तो माझाच समज.

तुझीच, बादलीवाली,
आत्या